वर किती पाणी आहे?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस,



मी एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. माझ्या हॉलमध्ये चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा माशांचा टँक आहे. नऊ वर्षं झाली. एवढं वाचूनच तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल आणि ती चुकीची नाही. आपल्याकडे टँकचा विषय कमिटीपुढे येतो तो खालच्या घराच्या छताला ओल आल्यावरच. मग एक तर भांडण होतं, नाहीतर सरसकट बंदीचा ठराव. या दोन्हींच्या मधे जे करायला हवं, ते तुमच्याच हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी माझी चूक सांगते. टँक घेऊन दीड वर्ष झालं होतं. रविवारची सकाळ, पाणी बदलायचा दिवस. स्वयंपाकघरातल्या नळाला पाइप जोडून त्याचं दुसरं टोक टँकमध्ये सोडलं होतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली, बोलण्यात दहा-बारा मिनिटं गेली. परत आले तेव्हा हॉलभर पाणी होतं. मी चादरी, टॉवेल, मिळेल ते टाकून पुसत असतानाच खालच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या हॉलमधल्या पंख्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी प्रसंगावधान राखून मेन स्विच बंद केला होता.

पाणी पंख्यातूनच का आलं, हे मला नंतर समजलं. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यावर वॉटरप्रूफिंग असतं, कोबा असतो. हॉलच्या स्लॅबला यातलं काहीच नसतं. टाइल्सच्या सांध्यांतून उतरलेलं पाणी स्लॅबमध्ये गाडलेल्या वायरिंगच्या पाइपांत शिरतं आणि खालच्या घरातल्या फॅन बॉक्सपाशी बाहेर पडतं. म्हणजे हॉलमध्ये सांडलेलं पाणी थेट विजेच्या वाटेनं खाली जातं. त्या दिवशी काकूंच्या घरी कुणी पंख्याचं बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

मी खाली गेले तेव्हा काकू रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसून वर बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, वर किती पाणी आहे?"

मला सांगता आलं नाही. दीड वर्ष ज्यांच्या डोक्यावर मी ते पाणी ठेवलं होतं, त्यांना ते किती आहे हे मी सांगू शकत नव्हते. छताचं प्लास्टर आणि रंग मी करून दिला, पण तो प्रश्न राहिला आणि त्याच दुपारी मी कागद-पेन घेऊन बसले.

हिशोब चौथीच्या मुलाला जमेल असा आहे. चार गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे 16 घनफूट. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ 453 लिटर. वरचे दोन इंच रिकामे असतात, काही जागा वाळू आणि दगड घेतात, म्हणून प्रत्यक्ष पाणी चारशे लिटरच्या आसपास. एक लिटर म्हणजे एक किलो. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला 30 किलो आणि अशा टँकला जवळपास तीन चौरस मीटर काच लागते, म्हणजे 90 किलो. दोन इंच वाळूचा थर सुमारे 60 किलो. लोखंडी स्टँड आणि त्याखालचं कपाट 50 किलो. सगळं मिळून सहाशे किलो. हे वजन ज्या आठ चौरस फुटांवर उभं आहे, त्या जागेवर चौरस मीटरला आठशे किलो भार येतो.

आता दुसरी बाजू. इमारतीवर येणाऱ्या भारांसाठी आपल्या देशात आयएस 875 हे मानक आहे. त्याच्या 1987 च्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या खोल्यांसाठी वापराचा भार चौरस मीटरला 2 किलोन्यूटन धरायला सांगितलं आहे, म्हणजे ढोबळमानानं 200 किलो. माझा टँक त्याच्या चौपट. हा आकडा पाहून मी त्या रात्री झोपले नाही. टँक रिकामा करून टाकावा, असं मनात आलं.

पुढे आमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटसाठी आलेल्या अभियंत्यांना मी घरी बोलावलं. त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक कमिटीला ठाऊक असायला हवं. स्लॅब फक्त टँकखालच्या आठ चौरस फुटांतच भार पेलत नाही. आजूबाजूचा स्लॅबही तो वाटून घेतो. दहा बाय बाराची खोली सुमारे 11 चौरस मीटरची, म्हणजे 200 किलोच्या हिशोबानं पूर्ण खोलीला सव्वादोन टनांच्या आसपास भार धरलेला असतो. त्यातले सहाशे किलो एका जागी आले तर ते चालतील की नाही, हे ती जागा कोणती यावर ठरतं. दहा फुटांच्या गाळ्यात हाच टँक मधोमध ठेवला तर स्लॅबला जेवढं वाकवेल, त्याच्या एक तृतीयांशाहून थोडंच जास्त तो बीमला लागून ठेवल्यावर वाकवतो. वजन तेच, घर तेच. टँक चार फूट सरकवला की फरक एवढा.

माझा टँक नशिबानं भिंतीलगत होता. पण भिंतीखाली बीम असतोच असं नाही. चार-साडेचार इंची पार्टिशनची भिंत कित्येकदा नुसत्या स्लॅबवर उभी असते. मग बीम कुठे आहे ते बघायचं कसं? माझ्या जमिनीखालचा बीम मला माझ्या घरातून दिसत नाही, तो काकूंच्या छताला दिसतो. मी परत खाली गेले आणि त्यांच्या हॉलमध्ये उभं राहून वर पाहिलं. टँकच्या बरोबर खाली नाही, पण सात-आठ इंचांवर बीम होता. त्या आठवड्यात टँक रिकामा केला, सरकवला आणि पुन्हा भरला. गाळण यंत्रातले जिवाणू जगावेत म्हणून त्याचा स्पंज टँकच्याच पाण्यात बुडवून ठेवला होता. मासे तीन दिवस दोन टबांत होते. सगळे वाचले.

वजनाइतकंच महत्त्व काळाला आहे, हे मला माहीतच नव्हतं. आपण म्हणतो, सत्यनारायणाला तर हॉलमध्ये चाळीस माणसं बसतात, त्याचं काय? ती माणसं प्रसाद घेऊन संध्याकाळी घरी जातात. टँक जात नाही. सतत भाराखाली असलेलं काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. अभियंते त्याला क्रीप म्हणतात. त्यातच जुन्या इमारतीत, विशेषतः समुद्राकाठच्या शहरांत, स्लॅबमधल्या सळया गंजून बारीक झालेल्या असू शकतात. इमारत बांधताना तिच्यात जी ताकद होती, ती पस्तीस वर्षांनी तेवढीच असेल असं गृहीत धरता येत नाही.

बाल्कनीचं तर बोलायलाच नको. मानकात बाल्कनीसाठी खोलीपेक्षा जास्त भार धरलेला आहे, हे ऐकून काही जण टँक तिथे नेतात. पण बाल्कनी बहुधा एकाच बाजूनं धरलेली असते. तिची मुख्य सळई वरच्या थरात असते आणि पावसाचं पाणी नेमकं त्याच थरात मुरतं. बाल्कनीत टँक नको, हे मी स्पष्टच लिहिते.

समुद्री माशांचा टँक असेल तर काळजी दुप्पट. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार असतात. चारशे लिटरच्या टँकमध्ये 14 किलो. हे पाणी रोज थोडं थोडं स्लॅबमध्ये झिरपत राहिलं तर ते सळयांचं जे करतं, त्यावर नुसत्या रंगकामाचा इलाज चालत नाही.

तुम्ही म्हणाल, मग एवढ्या भानगडीत पडायचं कशाला? दोन फुटांची छोटी पेटी ठेवा की. हे मला खूपदा ऐकावं लागलं आहे आणि त्याचं उत्तर मनापासून द्यावंसं वाटतं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे चक्र नव्या टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी जितकं जास्त, तितकं हे सगळं सावकाश बिघडतं आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. लहान पेटीत एक मासा मेला तर रात्रीत सगळं पाणी नासतं. गोल वाडग्यात गोल्डफिश महिन्याभरात मरतो आणि आपण म्हणतो, त्याचं आयुष्यच तेवढं. खरं तर गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. मोठा टँक ही माशाची गरज आहे.

मिळणारा आनंदही सांगते. माझ्याकडे एंजल माशांची एक जोडी आहे. दोघं मिळून एखादं रुंद पान निवडतात, ते तोंडानं घासून स्वच्छ करतात आणि मादी त्यावर ओळीनं अंडी घालते. मग दोन-तीन दिवस आळीपाळीनं अंड्यांवर परांनी वारा घालत राहतात, बुरशी आलेलं अंडं उचलून बाजूला करतात. शाळेत असताना वडील मला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात घेऊन गेले होते. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय माझ्या पिढीच्या कितीतरी मुलांसाठी पाण्याखालच्या जगाचं पहिलं दार होतं. आज चौथ्या मजल्यावरच्या मुलांना ते दार माझ्या हॉलमध्ये उघडतं. आमच्या मजल्यावरचा सात वर्षांचा मुलगा अंडी फुटायच्या दिवशी शाळेला जायला तयार नव्हता.

म्हणून बंदी नको. बंदीचा आणखी एक परिणाम तुमच्यापर्यंत पोचत नाही. आठ दिवसांत टँक काढा असं पत्र हातात पडलं की माणूस मासे कुठे नेतो? दुकानदार मोठे मासे परत घ्यायला कुरकुर करतो. मग पिशवी तळ्यात, विहिरीत, नदीत रिकामी होते. काच साफ करतो म्हणून घेतलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. मुदत द्यायचीच तर तीन महिने द्या, आणि मासे कुणाकडे जाणार आहेत ते लिहून घ्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो मुद्दा. काकूंच्या छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग असतं तर मला बीम दिसला नसता. आज कित्येक घरांत ते आहे. अशा वेळी बीम कुठे, स्लॅबची जाडी किती, मुख्य सळई कोणत्या दिशेनं गेली आहे, हे सहज सांगणारी एकच गोष्ट उरते. इमारतीची आरसीसी ड्रॉइंग्ज. मी आमच्या कमिटीकडे ती मागितली. कपाटात सोसायटी नोंदणीपासूनची इतिवृत्तं होती, लिफ्टच्या बिलांच्या फायली होत्या, रंगकामाची तीन कोटेशनं होती. ड्रॉइंग नव्हतं. कुणालाच ते कधी लागलं नव्हतं, म्हणून कुणी मागितलंही नव्हतं. शेवटी अभियंत्यांनी रिबार लोकेटर फिरवून सळया शोधल्या आणि तसा कागद करून दिला.

इमारतीत पन्नास कुटुंबं राहतात आणि ती इमारत किती पेलू शकते हे एकालाही सांगता येत नाही. माझा टँक हे या अज्ञानाचं एक उदाहरण झालं. गच्चीवर जाऊन बघा. मंजूर नकाशात नसलेल्या पाचशे-हजार लिटरच्या किती प्लास्टिकच्या टाक्या मागाहून आल्या? हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, तीही कित्येकदा चार विटांच्या ओट्यावर, बीमचा पत्ता न विचारता ठेवलेली. फ्लॉवर बेडमध्ये ओली माती ठासून भरलेली असते. जुन्या फरशीवर सिमेंटचा थर आणि वर नवी टाइल, असं एकाच घरात दोनदा झालेलं मी पाहिलं आहे. पाणीटंचाईत बाल्कनीत दोनशे लिटरचे ड्रम उभे राहतात. यातल्या एकाचीही नोंद सोसायटीच्या दप्तरात नसते.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं आहे. नव्या इमारतींसाठी रेरा कायद्याच्या कलम 17 मध्ये आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे संस्थेला सुपूर्द करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली आहे, आणि कलम 14 नुसार बांधकामातल्या दोषांसाठी ताबा दिल्यापासून पाच वर्षं तो जबाबदार असतो. ती पाच वर्षं संपायच्या आत ड्रॉइंग्ज लेखी मागा. जुन्या इमारतीचं ऑडिट होईल तेव्हा अभियंत्याकडून एक जास्तीचं काम करून घ्या. प्रत्येक मजल्याचा साधा आराखडा, त्यावर बीम लाल रेघेनं दाखवलेले, आणि जड वस्तू कुठे चालेल, कुठे चालणार नाही याची खूण. तो कागद कुलपात ठेवू नका. सूचना फलकाशेजारी लावा. फर्निचर करणारा सुतार, गच्चीवर टाकी बसवणारा प्लंबर आणि टँक घेणारा सभासद, तिघांच्याही तो कामाचा आहे.

आणि एखादा सभासद टँक ठेवतो म्हणाला तर त्याला नाही म्हणण्याआधी बसवून घ्या, हिशोब विचारा. किती लिटर, एकूण किती किलो, कोणत्या बीमलगत. तीनशे किलोपर्यंतच्या, भिंतीलगतच्या टँकसाठी नोंद पुरेशी आहे असं माझं मत आहे. त्यापुढे अभियंत्याचं लेखी मत मागा. सहा फूट बाय अडीच बाय अडीचचा टँक काठोकाठ भरला तर त्यात हजार लिटरहून जास्त पाणी मावतं. काच-वाळू धरून तो दीड टनाच्या घरात जातो. तिथे 'माझं घर, माझी मर्जी' चालू देऊ नका. बरेच जण जागा ठरवताना वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्य कोपरा शोधतात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी, पण त्या कोपऱ्याखाली बीम आहे का, हे आधी पाहिलं गेलं पाहिजे.

विजेचंही विचारा. टँकच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. हवेच्या पंपाच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, कारण वीज गेली की पाणी त्याच नळीनं उलटं येऊन जमिनीवर सांडू शकतं. खाली संप, म्हणजे पाणी गाळण्याची टाकी, असलेल्या टँकला पंप बंद पडल्यावर वरून उतरणारं सगळं पाणी मावेल एवढी जागा त्या संपात रिकामी हवी. आणि टँक लाकडी भुश्शाच्या पार्टिकल बोर्डच्या कपाटावर नको. एकदा ओलं झालं की ते फुगतं आणि एका बाजूनं बसतं. टँक पाणसळीत नसला की काचेच्या सांध्यांवर ताण येतो, आणि सिलिकॉनचा सांधा एकदा सुटू लागला की थांबत नाही. बर्लिनमधल्या एका हॉटेलातला दहा लाख लिटरचा अ‍ॅक्वाडोम 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे फुटला. सुमारे दीड हजार मासे होते, फारच थोडे वाचले. पहाट असल्यानं लॉबीत गर्दी नव्हती, म्हणून माणसं वाचली. आपले टँक त्याच्या तुलनेत थेंबभर आहेत, पण आपल्या टँकच्या खाली माणसं झोपलेली असतात.

सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या घराला सांगितलं आहे का, हे विचारा. परवानगी मागितली की नाही, हे मी म्हणत नाही. सांगितलं का? माझ्या टँकच्या स्टँडवर आता एक कागद चिकटवलेला आहे. पाणी 400 लिटर, एकूण वजन 600 किलो, भरल्याची तारीख, सांधे शेवटचे तपासल्याची तारीख. त्याची प्रत काकूंच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेली आहे, त्याखाली माझा आणि माझ्या भावाचा फोन नंबर. माझ्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. पाणी बदलताना पाइप लावला की तो काढेपर्यंत मी टँकसमोरून उठत नाही, बेल वाजली तरी.

वार्षिक सर्वसाधारण सभा तुम्हाला 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवा, "इमारतीची आरसीसी ड्रॉइंग्ज सभासदांना उपलब्ध करून देणे." आणि सभेच्या आधी तुमच्या कार्यालयातलं कपाट उघडून ती आहेत का ते बघा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक सभासद